आम्हाला कळतं हो!

ट्रेलर बघणं मी जवळजवळ सोडून दिलंय. अडीच मिनिटांत नायक कोण, त्याच्या बापाला कुणी मारलं, मध्यंतराला कोण उलटणार आणि शेवटची मारामारी कुठल्या पुलावर होणार, सगळं कळून चुकतं. मग उरतं काय? त्यापेक्षा कुणीतरी "बघ गं, तुला आवडेल" एवढंच म्हणावं आणि आपण डोळे झाकून लावावा. कधी बाजी लागते, कधी सांगणाऱ्याशी पुढे जरा जपून बोलावं लागतं.

अलीकडे अशा सांगोवांगीवर बरेच सिनेमे बघून झाले, काही थिएटरात, बहुतेक घरी. काहींनी सुखद धक्का दिला, काहींनी नुसताच धक्का. सगळ्यांवर लिहीत बसत नाही. जे डोक्यात अजून घोळतायत आणि ज्यांच्यावर अजून चिडचिड होते, तेवढेच घेते.

ज्याच्याबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती, त्याच्यापासून सुरुवात करते. 'मेय्यळगन' हा २०२४ चा तमिळ सिनेमा. दिग्दर्शक सी. प्रेमकुमार, ते '९६' वाले. गोष्ट सांगायची तर चार ओळींत आटोपते. अरुळ नावाचा एक मध्यमवयीन माणूस चेन्नईहून तंजावरच्या बाजूला नात्यातल्या बहिणीच्या लग्नाला येतो. भाऊबंदकीपायी त्याच्या आईवडिलांना तिथलं राहतं घर १९९६ साली सोडावं लागलेलं असतं आणि तेव्हापासून त्याने त्या गावाचं तोंड पाहिलेलं नसतं. तोंडदेखलं जायचं, आहेर द्यायचा आणि रात्रीच्या बसने परत फिरायचं, एवढाच त्याचा बेत. तिथे त्याला एक नातेवाईक चिकटतो.

हा नातेवाईक म्हणजे कार्ती. चिकटतो म्हणजे अक्षरशः चिकटतो. 'अत्तान, अत्तान' करत मागेमागे फिरतो, काय हवं नको ते बघतो, अरुळला अरुळच्याच लहानपणाच्या गोष्टी ऐकवतो. आणि अरुळला या माणसाचं नावच आठवत नाही. भेटल्याभेटल्या "माफ करा, ओळखलं नाही" म्हणून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण ती वेळ एकदा टळली की टळली. आता त्याच्या गाडीवर मागे बसून हिंडल्यावर, त्याच्या घरी राहिल्यावर, त्याच्या बायकोशी गप्पा मारून झाल्यावर कुठल्या तोंडाने विचारणार, की बाबा रे, तू कोण? एवढ्याशा खुंटीवर प्रेमकुमारांनी जवळजवळ तीन तासांचा सिनेमा टांगलाय, आणि खुंटी निखळत नाही.

अरुळ झालेल्या अरविंद स्वामीचा चेहरा हे या सिनेमाचं अर्धं भांडवल आहे. समोरचा माणूस भरभरून बोलतोय आणि हा कसनुसं हसून माना डोलावतोय. त्या हसण्यात खोटेपणा आहे आणि त्या खोटेपणाची लाजही आहे, दोन्ही एकाच वेळी दिसतात. कार्तीचं काम वरवर सोपं वाटतं, बडबड्या, भाबडा, गावाकडचा माणूस. पण हा माणूस एक इंच जरी जास्त भाबडा झाला असता तर आपण कंटाळून उठलो असतो. कार्ती त्याला बरोबर त्या इंचाच्या अलीकडे धरून ठेवतो. मधूनच वाटतं, याला सगळं ठाऊक आहे की काय? याला कळलंय का, की पाहुण्याला आपलं नाव आठवत नाहीये? सिनेमा त्यावर स्पष्ट असं काही बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून आपण प्रत्येक प्रसंगात कार्तीच्या डोळ्यांकडे बघत राहतो.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. बहीण नवरीच्या साजात मंचावर उभी आहे. अरुळ आहेराचं खोकं घेऊन वर येतो. इतक्या वर्षांनी भाऊ समोर दिसल्यावर ती ते खोकं बाजूला ठेवत नाही, तिथल्या तिथे फोडते आणि आतले दागिने भर मंचावर अंगावर चढवायला लागते. खाली पाहुणे बघतायत. दोघंही फारसं बोलत नाहीत. घर का सुटलं, कुणी कुणाला काय बोललं, ही लहान मुलगी तेव्हा किती रडली, यातलं काहीही पुन्हा उगाळलेलं नाही. आणि मी इकडे पदराने डोळे पुसतेय, तेही आदल्या अर्ध्या तासात ओळख झालेल्या माणसांसाठी.

दुसरी गोष्ट सायकलीची. अरुळचं कुटुंब गाव सोडून गेलं तेव्हा त्याची एक जुनी सायकल मागे राहिली. ती या नातेवाइकाच्या घरी गेली आणि तिच्यामुळे त्या घराचे दिवस पालटले. ते लोक ती अजून जपून आहेत. अरुळला याचा पत्ताच नाही. आपण ज्या जागेवर इतकी वर्षं राग धरून बसलो, तिथे कुणीतरी आपलं नाव रोज घेत होतं, हे त्याला एका रात्रीत कळतं आणि ते त्याला झेपत नाही. पुढे काय होतं ते बघा. नाव काय निघतं तेही इथे सांगत नाही, तसं ते पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच आहे.

दोष आहेत. उत्तरार्धात दोघं रात्री दारू पीत बोलत बसतात ते छान, पण मग चोळ राजे येतात, जल्लीकट्टू येतो, इतिहास येतो आणि कार्तीच्या तोंडून पात्राऐवजी दिग्दर्शक बोलायला लागतो. प्रदर्शनानंतर लगेचच यातली सुमारे १८ मिनिटं कापली गेली. प्रेक्षक कंटाळतायत म्हणून चालू सिनेमाला कात्री लावणं मला एरवी पटत नाही. इथे मात्र, भाषणांपुरतं, ज्याने कात्री चालवली त्याला मी दोष देणार नाही. दोन पुरुष रात्रभर नुसते बोलतात, कुणी कुणाला ठोसा मारत नाही, कुणाची बायको कुणासोबत पळून जात नाही, आणि तरी जीव गुंततो, ही करामत भाषणांविनाही साधलेलीच होती.

तमिळ मला ओ की ठो कळत नाही. म्हणजे सगळा कारभार सबटायटलवर. सबटायटलवाल्यांची एक खोड मला खपत नाही: पात्र रडायच्या आधीच खाली कंसात 'उदास संगीत' अशी पाटी येते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण कित्येक दिग्दर्शकच ती पाटी हातात घेऊन सिनेमा काढतात, त्याचं काय करायचं? आता रडा. आता घाबरा. हा माणूस वाईट आहे बरं का, हे बघा, त्याच्या मागे ढोल वाजतोय. आम्हाला कळतं हो!

'ग्लॅडिएटर २' बघताना हे मी मनातल्या मनात बऱ्याचदा म्हटलं. पहिला भाग २००० सालचा. पाच ऑस्कर, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. दुसरा घेऊन रिडली स्कॉट २०२४ मध्ये आले तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. या वयात कुणी एवढं लष्कर, एवढी जहाजं आणि एवढं रोम उभं करत असेल तर आपण गुमान उठून मोठ्या पडद्यावर बघायला जावं, अशा आदराने मी गेले. सिनेमा वाईट नाही, आणि वैताग नेमका त्याचाच आहे. वाईट असता तर हसून मोकळं होता आलं असतं.

शार्कवरून लोकांनी बरीच हुज्जत घातली. कोलोसियममध्ये पाणी भरून जहाजांची लढाई लावतात आणि त्या पाण्यात शार्क सोडलेले असतात. पाणी भरण्याची गोष्ट अगदीच थाप नाही. इ.स. ८० मध्ये टायटस बादशहाने कोलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांत पाणी सोडून लढाई घडवली, असं कॅसियस डिओ हा इतिहासकार लिहून गेलाय. शार्क मात्र स्कॉटसाहेबांच्या पदरचे. मला ते चालले. सुरुवातीला नायक एका भयानक माकडाला चावतो, तेही चाललं. जो सिनेमा माकडाला चावायची हिंमत करतो त्याच्याकडून मला आणखी वेडेपणा हवा होता. तो मिळत नाही. मिळतात पहिले पाढे पंचावन्न. तोच गुलाम झालेला योद्धा, तीच मेलेली बायको, तोच आखाड्याचा मालक, तेच माथेफिरू सम्राट, फक्त एकाच्या जागी दोन. श्रेयनामावलीतच पहिल्या भागाची चित्रं रंगवून दाखवतात, पुढे जुनी दृश्यं मध्येमध्ये पेरतात, जुने संवाद पुन्हा म्हणवून घेतात आणि शेवटी मुलगा बापासारखीच आखाड्यातली माती हातात घेतो. हा पहिल्या भागाच्या नायकाचा, मॅक्सिमसचा वारस आहे, हे समजायला इतकी कागदपत्रं लागत नाहीत.

डेन्झेल वॉशिंग्टन आहे म्हणून निभावतं. त्याने रंगवलेला मॅक्रायनस झग्याचे सोगे सावरत, अंगठ्या मिरवत असा काही वावरतो की तो पडद्यावर नसला की सिनेमाची हवा जाते. गंमत म्हणजे खराखुरा मॅक्रायनस उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटेनियाचा, राजघराण्याशी काही संबंध नसलेला, आणि सम्राट कॅराकॅलाचा खून झाल्यावर इ.स. २१७ मध्ये तो खरोखर सम्राट झाला. वर्षभरच टिकला, पण झाला. हा माणूस समोर असताना कॅमेरा वारसदाराच्या मागे का धावतो, याचं उत्तर एकच, की पहिल्या भागाचं नाव वापरायचं तर वारसदार लागतो.

दुसऱ्या भागांचाच विषय निघालाय तर 'जोकर: फोली आ दू'. हा त्याच वर्षी आला आणि याची तऱ्हा आणखी वेगळी. २०१९ च्या पहिल्या 'जोकर'ला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा गोल्डन लायन, वाकिन फिनिक्सला ऑस्कर आणि जगभरातून एक अब्ज डॉलरच्या वर गल्ला. बऱ्याच लोकांनी त्या आर्थर फ्लेकला पार देव करून टाकलं. दुसरा भाग बघताना वाटत राहतं की दिग्दर्शक टॉड फिलिप्स त्या भक्तांवर रागावलेले आहेत. तुम्ही याला नायक मानलंत ना, मग बघा हा किती केविलवाणा आहे ते. राग समजू शकते. विचार म्हणून तो धाडसीही आहे. पण रागावलेला माणूस जसा तेच तेच बोलतो तसा हा सिनेमाही बोलतो. अर्धा वेळ कोर्टात जातो आणि तिथे पहिल्या भागात आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या घटना साक्षीदार एकामागून एक येऊन पुन्हा सांगतात. उरलेल्या वेळात जुनी इंग्रजी गाणी. लेडी गागासारखी गायिका हाताशी असताना गाणी अशी अर्धवट, पुटपुटल्यासारखी का म्हणून घेतली, देव जाणे. पात्रं वेडी आहेत, गायक नाहीत, हे दाखवायचं असावं. दाखवलं. पण मग इतक्या वेळा?

तरीही एका साक्षीसाठी हा सिनेमा माझ्या लक्षात राहील. पहिल्या भागात आर्थर आपल्या घरी एका सहकाऱ्याचा खून करतो तेव्हा तिथे दुसरा सहकारी असतो, गॅरी, ठेंगणा. आर्थर त्याला जाऊ देतो, पण दाराची वरची कडी त्याच्या हाताला पोचत नाही आणि ज्याने आत्ता खून केला त्यालाच "जरा उघडतोस का" म्हणावं लागतं. त्या वेळी थिएटरात लोक हसले होते, अवघडून का होईना. दुसऱ्या भागात हाच गॅरी साक्षीला येतो. समोर आर्थर जोकरचा रंग फासून, स्वतःच स्वतःचा वकील बनून, कुठल्यातरी हेलात नाटकी उलटतपासणी घेतोय. गॅरी म्हणतो, तिथे माझी टिंगल न करणारा तूच एक होतास. आणि मग, त्या दिवसापासून मी घाबरलेला आहे. ली गिल या नटाचं हे पाच-सात मिनिटांचं काम. फिनिक्सच्या चेहऱ्यावरचा रंग तसाच राहतो आणि खालचा माणूस गळून पडतो. दिग्दर्शकाला जे सगळ्या सिनेमाभर घसा कोरडा करून सांगायचं होतं ते या एका साक्षीत आलंय. बाकीचे साक्षीदार बोलावले नसते तरी खटला उभा राहिला असता.

बोलणं कमी करून काय साधतं ते बघायचं असेल तर 'फ्लो' बघा. हा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट, ८५ मिनिटांचा, आणि त्यात एकही संवाद नाही. माणूसही नाही. एक काळी मांजर आहे, पूर येतो, सगळं जग पाण्याखाली जातं आणि ती एका होडीत चढते. होडीत हळूहळू बाकीची मंडळी जमतात: सुस्त कॅपिबारा, वस्तू गोळा करायचा नाद असलेला लेमूर, पंख दुखावलेला लांब तंगड्यांचा सेक्रेटरी पक्षी आणि एक मूर्ख, प्रेमळ कुत्रा. प्राणी बोलत नाहीत, गाणी म्हणत नाहीत, विनोद मारत नाहीत. ते प्राण्यांसारखे वागतात, आणि हे ॲनिमेशनमध्ये किती दुर्मीळ झालंय ते बघितल्यावर लक्षात येतं.

मी याला लहान मुलांचा सिनेमा समजून बसले आणि दहाव्या मिनिटाला सावरून बसले. पाणी चढतंय आणि मांजर उंचात उंच जागा शोधत वर वर सरकतेय. अजून, अजून वर. शेवटी वर काहीच उरत नाही. एवढंच आहे, आणि माझे हात गार पडले. लेमूरला एक आरसा सापडतो, त्याच्यात तो स्वतःला न्याहाळत बसतो, कुणी हात लावला की खेकसतो. पुरात सगळं बुडालंय आणि याचं आपलं सामान. यावर भाष्य वगैरे काही नाही. मांजर फक्त त्याच्याकडे बघते, तेही क्षणभर, कारण मांजरींना दुसऱ्याच्या सामानात रस नसतो.

दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस. याआधीचा 'अवे' हा पूर्ण लांबीचा सिनेमा त्याने एकट्याने केला होता. 'फ्लो'साठी त्याने छोटी टोळी जमवली आणि सिनेमा ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला. खर्च साधारण ३५ लाख युरो. २०२५ च्या ऑस्करला हा पिक्सारच्या 'इनसाइड आउट २' समोर उभा होता आणि जिंकला. लॅटव्हियाचं ते पहिलं ऑस्कर. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराचा खरा आवाज मात्र त्या धिप्पाड, शांत देहाला शोभेना म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय. हे वाचल्यावर मी सिनेमा पुन्हा लावला आणि फक्त कॅपिबाराचे प्रसंग बघितले. कारभारी उंटच आहे, आता ऐकू येतं.

'परफेक्ट डेज'बद्दल सगळे इतकं चांगलं बोलतात की मी थोडं वाकडं बोलून घेते. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा जपानी सिनेमा, टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणाऱ्या हिरायामाचा. कोजी याकुशोला यासाठी २०२३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं आणि ते शंभर टक्के योग्य आहे. शौचालयाच्या फटीत कुणीतरी फुली-गोळ्याचा कागद खोचून ठेवतं, हिरायामा त्यात आपली खूण करून परत ठेवतो, आणि न भेटता, न बघता हा डाव चालू राहतो. या प्रसंगासाठी वेंडर्सना सात खून माफ. त्याची बहीण गाडीतून येते तो प्रसंगही तसाच. तू खरंच शौचालयं साफ करतोस का, असं ती विचारते, आणि त्या एका प्रश्नामागे कुठलं घर, कुठला बाप, काय तुटलं, ते आपण आपलं जुळवायचं. पण ती शौचालयं! नामवंत वास्तुरचनाकारांनी उभारलेली, काचेची, लाकडाची, देखणी. संपूर्ण सिनेमात एकही शौचालय खरोखर घाण दिसत नाही. साधेपणातल्या सुखाची गोष्ट सांगताना त्या कामातला वास तेवढा वगळायचा, हे मला जरा सोयीचं वाटलं. शेवटी याकुशोचा चेहरा बराच वेळ आपल्यासमोर राहतो, हसू आणि रडू एकमेकांत मिसळत जातं, तेव्हा ही तक्रार मी तात्पुरती मागे घेतली. आता पुन्हा करतेय.

'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'वर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं चांगलंच वाजलं. पायल कपाडियाचा हा सिनेमा २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत होता, १९९४ च्या 'स्वाहम'नंतर तिथे पोचलेला पहिला भारतीय सिनेमा, आणि ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. मैत्रिणीला पहिला भाग संथ वाटला आणि दुसरा स्वप्नासारखा. माझं नेमकं उलटं झालं.

पहिल्या भागात मुंबई आहे, रात्रीची, पावसाची, लोकलची. सुरुवातीला गर्दी दिसते आणि वरून वेगवेगळ्या भाषांतले आवाज येतात. ही माणसं आपल्याला दिसत नाहीत, फक्त या शहराबद्दल दोन-दोन वाक्यं बोलून जातात. मग त्या गर्दीतून कॅमेरा प्रभापाशी येऊन थांबतो. प्रभा मल्याळी नर्स, काम कनी कुसृतीचं. लग्न होऊन नवरा जर्मनीला गेला, आणि त्याचा फोनही बंद होऊन बराच काळ झाला. एक दिवस पार्सल येतं. आत लालभडक राइस कुकर, चिठ्ठी नाही, नाव नाही. जर्मनीत बनलेला, एवढंच कळतं. रात्री एकटी असताना प्रभा जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. हसावं की रडावं हे बघणाऱ्याने ठरवायचं. मी दोन्ही केलं.

आणि छाया कदम. इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती, राहत्या खोलीचे कागद नाहीत म्हणून बिल्डर जिला हुसकावतोय. 'खास वर्ग हा खास लोकांचाच हक्क' अशा अर्थाची जाहिरात बिल्डरने लावलेली असते आणि एका रात्री या दोघी त्या फलकावर दगड भिरकावतात. सिनेमातला बहुधा एकमेव गडबडगोंधळाचा क्षण. छाया कदम असा दगड मारते की वाटावं, हिने लहानपणी बरीच झाडं झोडपलीत.

मग मंडळी रत्नागिरीकडे जातात. समुद्राकाठी एक बुडालेला माणूस सापडतो, प्रभा त्याला शुद्धीवर आणते आणि तो माणूस जणू तिचा नवराच असल्यासारखं बोलणं होतं. इथे माझा आणि सिनेमाचा हात सुटला. कुकरला मिठी मारून जे झालं होतं ते इथे शब्दांत आलं, आणि शब्द कमी पडले. मैत्रीण म्हणते, तिला स्वतःला सोडवून घ्यायला तो माणूस लागत होता, नाहीतर ती जन्मभर कुकरच कवटाळून बसली असती. तिचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही. माझं मतही बदललेलं नाही.

एक सिनेमा मात्र आवडला असं म्हणवत नाही आणि विसरताही येत नाही. 'द झोन ऑफ इंटरेस्ट', दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर. ऑश्वित्झच्या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस, त्याची बायको, मुलं, नोकर आणि बाग. घराच्या आणि छावणीच्या मध्ये एक भिंत. सिनेमा त्या भिंतीपलीकडचा छळ एकदाही दाखवत नाही, फक्त ऐकवतो. धडधड, ओरडा, मधूनच गोळी, कुत्री. अलीकडे मुलं खेळतायत, फुलं फुललीयत. ग्लेझरने त्या घरात दहापर्यंत कॅमेरे दडवून लावले आणि चित्रीकरणाच्या वेळी नटांशिवाय कुणाला आत ठेवलं नाही. त्यामुळे सगळं चोरून बघितल्यासारखं दिसतं. ध्वनीचं ऑस्कर याला मिळालं, 'ओपनहायमर'चा स्फोट बाजूला ठेवून, आणि ते योग्यच झालं.

होसची बायको, सँड्रा ह्युलर, एकदा खोलीचं दार लावून घेते आणि छावणीतून आलेला फरचा कोट अंगावर घालून बघते. आरशासमोर वळते, मागून कसा दिसतो ते बघते. खिशात हात घालते तर लिपस्टिक. ती उघडते, आणि लावून बघते. ज्या बाईचा तो कोट होता तिच्याबद्दल सिनेमात एक अक्षर नाही. ती कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या माणसाला पुन्हा सांगायची गरज ग्लेझरना वाटलेली नाही. मी तिथे सिनेमा थांबवून पाणी प्यायले. मग पुन्हा लावला. याला कुणी संथ म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण "यात काही घडतच नाही" असं म्हणणाऱ्याशी मात्र घालीन.

यानंतर काहीतरी हलकं हवं होतं म्हणून 'वाळवी' लावला, आणि तो हलका निघाला म्हणजे खून, विष आणि प्रेत यांना हलकं म्हणायचं असेल तर. परेश मोकाशींचा हा २०२३ चा सिनेमा. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'एलिझाबेथ एकादशी' करणाऱ्या माणसाने इतका काळाकुट्ट विनोद करावा, हीच पहिली मजा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. एक नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचं ठरवतात, आत्महत्या वाटावी अशी चोख योजना आखतात, अगदी तालीम केल्यासारखी. आणि मग योजनेला जी कीड लागते ती थांबतच नाही.

मराठी सिनेमात पात्रं फार समजावून सांगतात, ही माझी जुनी तक्रार. दुःख झालं की "मला फार दुःख झालंय" म्हणतात, मग गाणं येतं, त्यात पुन्हा तेच. 'वाळवी'ला तेवढी उसंतच नाही. पावणेदोन तासांच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. माणसं घाबरतात, खोटं बोलतात, ते खोटं लपवायला दुसरं बोलतात आणि प्रत्येक जण स्वतःला फार हुशार समजतो. स्वप्नील जोशीला इतका घामाघूम झालेला, इतका हतबल मी पाहिला नव्हता; त्याच्या नेहमीच्या गोड हसण्याचा इथे दिग्दर्शकाने मस्त दुरुपयोग केलाय. अनिता दातेची बायको तर अशी, की तिची दया यावी की तिला घाबरावं हे शेवटपर्यंत ठरत नाही. सुबोध भावे कधी येतो आणि येऊन काय करतो, यावर आणखी एक वाक्य लिहिलं तरी तुम्ही मला शिव्या घालाल. तेव्हा लिहीत नाही.